मुंगीचा हिरवा दिवा

तो खोका आधीपासूनच बोंबलत होता, पण त्या संध्याकाळी त्यानं अगदी कहर केला. कोर्टाचा सिनेमा. आरोपी पिंजऱ्यात, वकील उठून उभा राहिलेला, आता खरा खुनी कोण ते सांगणार, आणि नेमका याचा पंखा असा भणाणला की वकिलाचं नुसतं तोंड हलताना दिसलं. मग पडद्यावर पाटी आली, यंत्र फार तापलं आहे, थंड होऊ द्या. आणि सगळं काळं. मी म्हटलं, मेल्या, तू थंड हो निवांत, पण खुनी कोण ते आता तुझा काका येऊन सांगणार का?

खोका म्हणजे गेमचा कन्सोल. हसू नका. या वयात मी काही बंदुका घेऊन राक्षसांच्या मागे पळत नाही. लेकीनं आणि जावयानं स्वतःसाठी नवा घेतला, तेव्हा हा जुना उचलून माझ्या टीव्हीखाली आणून ठेवला. "आई, यावर सिनेमे छान दिसतात, तुझ्या त्या सगळ्या डिस्कसुद्धा चालतील," लेक म्हणाली. चालल्या. फोटो चालले, गाणी चालली, विकत घेऊन बघायचे सिनेमे चालले. गेम तेवढा मी एकही लावला नाही, त्यामुळे त्याला आपण जन्माला कशासाठी आलो याचा विसर पडला असेल.

लेकीचं घरातलं नाव मुंगी. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून. अजूनही टेकत नाही. तिनंच त्यावर माझं खातं उघडून दिलं. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, "एक्स्चेंज." कारण मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मग मुंगीनं स्वतःचं नाव माझ्या यादीत घातलं. कन्सोल सुरू केला की डाव्या कोपऱ्यात 'मुंगी' अशी अक्षरं येत आणि तिकडे तिचा कन्सोल चालू असला की नावापुढे बारीकसा हिरवा दिवा लागे. खाली ती काय बघतेय तेही येई. शेजारी निरोप लिहायला जागा होती. ती मी कधी वापरली नाही.

का वापरली नाही, ते एक्स्चेंज बघितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत समोर भिंतीएवढा बोर्ड असायचा. नंबरागणिक एक भोक आणि एक दिवा. दिवा लागला की दोरीचा प्लग घालायचा, नंबर विचारायचा, दुसरा प्लग दुसऱ्या भोकात. झाली जोडणी. आमच्यावर एक मोठ्या बाई होत्या, नाकावर कायम राग. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा पोरींना उभं करून सांगितलं, "दिवा लागला म्हणजे कुणीतरी रिसीव्हर उचललाय. कुणी, ते दिवा सांगत नाही. साहेब असेल, साहेबांचं कार्टं असेल. दिवा नंबरचा असतो, माणसाचा नसतो. आणि चालू लाइनीत आपण तोंड घालायचं नाही." हे दुसरं माझ्या हाडीमाशी भिनलं. ती तिकडे आहे, मी इकडे आहे, लाइन जोडलेली आहे. मध्ये बडबड कशाला?

दोनेक वर्षांपूर्वी मुंगी आणि जावई वेगळे झाले. आरडाओरडा नाही, भांडीफेक नाही. दूध संपलं म्हणून सांगावं तशा आवाजात तिनं मला फोनवर सांगितलं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आई, सगळ्याला का नसतं." आणि वर, "त्याला फोन करायचा नाही. मी सांगतेय ना." मी केला नाही. तिचा संसार, तिचा शब्द.

खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. उंचीला ताडमाड, दारातून वाकून यायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला ताडच म्हणायचे. तोंडावर मात्र 'जावईबापू', 'अहो', 'या', 'बसा'. आमच्यात तसंच. दोघं राहायला आली की तो आणि मी कोर्टाचे सिनेमे लावायचो. मी म्हणायचे खुनी बायको, तो म्हणायचा डॉक्टर, आणि खुनी निघायचा भलताच. मुंगी सोफ्यावर डोकं टेकून पहिल्या साक्षीदारालाच घोरायला लागायची. "तुम्हा दोघांना दुसरे उद्योग नाहीत का?" एवढं एकदा डोळे न उघडता म्हणायची.

वेगळं झाल्यावर मुंगी नवी नोकरी धरून दुसऱ्या शहरात गेली. रविवारी सकाळी फोन. तोही कामं करता करता. मागे नळ चालू, भांडी चालू, मध्येच "आई, एक मिनिट हं" आणि ते मिनिट काही संपायचं नाही. वाईट नाही माझी पोर. पण तिच्या बोलण्यात मी नेहमी दाराशी उभी असायची, आत ये असं कुणी म्हणायचं नाही.

त्या दिवसांत कोपऱ्यातला दिवाही लागत नव्हता. मी रोज बघायची. आणि मग एका संध्याकाळी लागला. मुंगी. हिरवा. आणि खाली काय, तर कोर्टाचा सिनेमा! जिला पहिल्या साक्षीदाराला झोप लागते ती माझी पोर, घरात एकटी बसून, कोर्टाचा सिनेमा लावून बसलेली. आईची आठवण आल्याशिवाय कुणी असं करतं का? माझे डोळे भरून आले. मी पदराला, नाही, तेव्हा गाऊन होता, गाऊनच्या बाहीला नाक पुसलं आणि तोच सिनेमा पहिल्यापासून लावला.

तेव्हापासून तेच. संध्याकाळी दिवा लागायचा, ती एक सिनेमा लावायची, मी तोच लावायची. कधी मी आधी लावला तर थोड्या वेळानं तिच्या नावाखाली तोच यायचा. एकदा मला ताप होता म्हणून मी लवकर बंद केला, तर दुसऱ्या दिवशी तिनंही तो तिथूनच पुढे लावला असावा, कारण आमचा शेवट एकदमच झाला. फोनवर याचा एक शब्द नाही, तिचा नाही, माझा नाही. मला ते फार आवडायचं. काही गोष्टी बोलल्या की विटतात. खालच्या मजल्यावरची शिंपीण विचारायची, "एकट्या कंटाळत नाही हो?" मी म्हणायची, "एकटी कुठली? रोज लेकीबरोबर सिनेमा बघते." दुधाची तहान ताकावर म्हणा हवं तर. पण ताक रोज मिळत होतं.

आणि हे भणाणणारं मढं आता दगा द्यायला लागलं होतं. कधी तापून बंद पडायचं, कधी नव्या सिनेमाला म्हणायचं, ही फाइल मला कळत नाही. म्हणून मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवालीला बोलावलं. दुकान तिचं स्वतःचं, तोंड दुकानाहून मोठं. आली, कन्सोलला कान लावला आणि म्हणाली, "काकू, हा आता पेन्शनीत काढा."

"पेन्शनीत मी आहे. त्यानं काम करायचंय."

"अहो, गेम खेळायच्या यंत्रावर तुम्ही सिनेमे बघताय. रोज ट्रक घेऊन भाजी आणायला जायचं झालं हे. मी तुम्हाला होम थिएटर पीसी करून देते. टीव्हीसाठीच असलेला छोटा कॉम्प्युटर. आवाज नाही, ताप नाही, जगातली कुठलीही फाइल द्या, गिळतो."

"बरं होईल ना सगळं? यात आहे ते सगळं त्यात येईल ना?"

"यात आहे ते सगळं येईल, वर आणखी शंभर गोष्टी येतील."

आता यात माझी चूक नाही. मी 'सगळं' विचारलं होतं.

पुन्हा तापेल म्हणून दोन दिवस मी कन्सोल लावलाच नाही, मग ती डबा घेऊन आली. खरंच डब्याएवढाच. टीव्हीच्या मागे वायर लावायची भोकं दोन, त्यातलं एक कधीच मेलेलं. चालतं त्यातून तिनं कन्सोलची वायर उपटली आणि डब्याची घातली. मग दुपारभर बसून कन्सोलवरचे सिनेमे, फोटो, माझ्या डिस्का, सगळं यातून त्यात ओतलं. सिनेमात बोलतात त्याच्या खाली येणाऱ्या ओळींच्या जागी नुसते चौकोन उमटत होते, तेही सरळ केले. मांडीवर घेऊन टाइप करायला छोटा कीबोर्ड दिला. आणि चालू केलं तर काय सांगू, पडद्यावर माझे सगळे सिनेमे आपापली पोस्टरं घेऊन ओळीत उभे! कुठला कुठपर्यंत बघितलाय तेही खाली रेघ मारून दाखवलेलं. आवाज म्हणाल तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कित्येक महिन्यांनी ऐकली.

मी डावा कोपरा बघितला. मग उजवा. मग वर, खाली.

"दिवा कुठाय?" मी विचारलं.

"हा काय." तिनं डब्यावर बोट ठेवलं. तिथं निळा ठिपका होता.

"तो नव्हे. माणसांचा."

"माणसांचा म्हणजे?"

काय सांगणार? की कोपऱ्यात माझी लेक असते? हे कुणाला सांगायला गेलं की खुळचट वाटतं. मी म्हटलं, "काही नाही, असंच." ती जाताना कन्सोल कवडीमोलानं घेऊन जाते म्हणाली, तर मी एकदम ओरडले, "हात लावू नकोस त्याला!" बिचारी दचकलीच. मग मी तो जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाच्या पेटीत ठेवला.

पहिल्या संध्याकाळी मी नव्या डब्यावर बसले खरी, पण जीव थाऱ्यावर नाही. तिचा दिवा लागला असेल, माझा दिसत नसेल. उठावं, वायर बदलावी, कन्सोल लावावा. हात पेटीच्या कडीपर्यंत गेला. आणि तिथं माझ्यातली खाष्ट म्हातारी जागी झाली. म्हटलं, थांब. रोज मीच का दिवा लावून बसायचं? बघू तर, आपली पोर किती दिवसांनी विचारते, आई, तू दिसत नाहीस म्हणून. एक शब्द विचारू दे. 'आई, आहेस का?' एवढाच. दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो त्याबद्दल, आता तिनं बोलावं. मला ते ऐकायचं होतं. या वयात माणसाला आणखी काय ऐकायचं असतं?

म्हणून मी कन्सोल काढला नाही. तो अर्धा राहिलेला कोर्टाचा सिनेमा नव्या डब्यातही होता, रेघ मारून उभा. तोही लावला नाही. मुंगीबरोबर सुरू केला होता, तिच्याबरोबरच संपवीन. दुसरं काहीतरी बघायची, मासे, बर्फ, कुठले कुठले पूल. चित्र असं स्वच्छ की माशाचे खवले मोजावेत. आणि मी सारखी फोनकडे बघायची.

रविवारी फोन आला. नळ चालू होता.

"काय म्हणतोय नवा कॉम्प्युटर?" मुंगीनं विचारलं. हे तिला मीच मागं सांगितलं होतं.

"छान आहे. आवाज नाही अजिबात." मी वाट बघितली. नळ बंद झाला, कपाटाचं दार वाजलं. "तू काय करतेस गं संध्याकाळी?" मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"संध्याकाळी? कामावर असते, आई. दुपारपाळी आहे ना मला. किती वेळा सांगितलंय."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही बघायला वेळ कुणाला आहे! घरात टीव्हीच नाही. आई, एक मिनिट हं."

मी मनात हसले. लबाड! आईपासून लपवतेय. चोराच्या मनात चांदणं. चोरून आईबरोबर सिनेमे बघते आणि वर टीव्हीच नाही म्हणते, लहानपणी लपवून चॉकलेट खाऊन 'मी नाही' म्हणायची तशी. फोन ठेवला आणि मग मात्र हसू कुठे गेलं कळलं नाही. कारण ती लबाड नव्हती. लहानपणीही खोटं बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा आणि आत्ता तो नेहमीसारखा होता. जन्मभर आवाज ऐकूनच पोट भरलं, मला ते कळायला नको? पण कळलेलं आत घ्यायला मन तयार नव्हतं. मी त्याला दाराबाहेर उभं ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी, भांडी घासत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. मी ओल्या हातानंच उचलला.

"हॅलो."

"आई?"

एकच शब्द. पण ऑपरेटरला एक पुरतो. ताड होता.

माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "अगंबाई! जावईबापू?"

तिकडून नुसता मोठा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय. तुम्ही कसे काय आज?"

"नाही, म्हणजे... फोन करायला नको होता, माहितीय मला. मुंगीला आवडणार नाही. पण आठवडा झाला, तुमचा दिवा लागला नाही. सिनेमा अर्धाच सोडून तुम्ही सहसा जात नाही. वकील उठून उभा राहिला आणि तुम्ही गेलात. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी याल. मग रोजच... तुमच्या शेजारच्या कुणाचा नंबर नाही माझ्याकडे. मुंगीला विचारता येत नाही. शेवटी म्हटलं, जे होईल ते होवो."

मी स्टुलावर बसले. हाताचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. नळ चालू राहिला होता, तो बंद करायला उठवेना.

"कुठला दिवा?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठला. तरी विचारलं.

"कन्सोलवरचा, आई. जाताना मुंगीनं तो इथंच ठेवला. तिला नकोच होता. खातं तिचंच राहिलं, माझं वेगळं कधी नव्हतंच, मी तिच्याच नावानं बघायचो. पहिल्या दिवशी मी ते बंदच करणार होतो. बरं नाही दिसत, तिच्या नावानं बसणं. तेवढ्यात तुम्ही आलात. एक्स्चेंज. आणि तुम्ही तोच सिनेमा लावलात."

मोठ्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. साहेब असेल, साहेबांचं कार्टं असेल. पहिल्या दिवसाचा पहिला धडा, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी मी त्यातच नापास. नंबर बघितला आणि माणूस धरून चालले. तिथं मुंगी कधी नव्हतीच. एकही संध्याकाळ नव्हती. ती आपली दुपारपाळी करत होती, आणि मी गाऊनच्या बाहीला नाक पुसत होते. शिंपिणीला किती तोऱ्यात सांगायची मी, लेकीबरोबर सिनेमा बघते म्हणून. मला इतकं एकटं आजवर कधी वाटलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

आणि मग संताप आला. असा की कानशिलं तापली. माझ्या लेकीच्या नावाआड लपून बसतोस? म्हातारीला फसवतोस? आता असं बोलते की पुन्हा फोन हातात धरताना दहादा विचार करील. मी श्वास घेतला.

तेवढ्यात तोच म्हणाला, "तुम्ही काही बोलत नव्हता, आणि ते मला समजायचं. मुंगीला दुखवायचं नव्हतं तुम्हाला. पण न बोलता रोज येऊन बसत होतात. आई, मी कामावरून आलो की आधी तुमचा दिवा बघायचो. तो लागला की ताट वाढून घ्यायचो. नाहीतर उभ्या उभ्याच काहीतरी खाऊन झोपायचो. मला वाटायचं, सगळ्यांनी टाकलं, पण आईंनी नाही टाकलं." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना, मी आहे ते? म्हणजे मुंगी कुठे कोर्टाचे सिनेमे बघते. माहीतच असणार."

तो 'माहीतच असणार' म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं कधी कधी. एका बाजूच्या माणसानं रिसीव्हर ठेवून दिलेला असायचा आणि दुसऱ्या बाजूचा बोलतच राहायचा. आम्हाला बोर्डावर कळायचं, त्याला कळत नसे. नव्या पोरी खट्कन प्लग उपटायच्या. मोठ्या बाई एरवी वाघीण, पण तेव्हा हात धरायच्या. म्हणायच्या, वाक्य पुरं होऊ दे त्याचं.

माझं जे होतं ते गेलं होतं. ते खरं सांगून परत येणार नव्हतं. त्याचं मात्र अजून त्याच्यापाशी होतं.

"हो तर," मी म्हणाले. "मला काय खुळी समजलास? मुंगी आणि कोर्टाचा सिनेमा! पहिल्या साक्षीदाराला घोरते ती."

तो हसला. हसता हसता त्याचं नाक वाजलं. मी 'समजलास' म्हणाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"मग आलात का नाही आठवडाभर?" त्यानं विचारलं.

"अरे, तो खोका तापून मरायला टेकला. त्या कॉम्प्युटरवालीनं नवा डबा बसवला, त्यात दिवाच नाही. सगळं आहे मेल्यात, माणूस नाही."

"आई, त्याच्या आत धूळ साचली असेल. मागचे स्क्रू काढा, रंगाचा मऊ ब्रश घ्या आणि पंखा झाडा. वर्षानुवर्षं झाडला नसेल."

"हे तू दोन वर्षं का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"बरं. आणि खुनी कोण ते सांगू नकोस."

"नाही सांगत." मग म्हणाला, "आई, आता मी ते नाव बदलू का? माझं घालतो. तिच्या नावानं बसणं बरं नाही."

मी म्हटलं, "बघू नंतर," आणि फोन ठेवला. मग बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. रडले. खोटं कशाला बोलू, चांगली हुंदके देऊन रडले, घरात ऐकायला होतं कोण.

त्या दुपारी कन्सोल पेटीतून काढला. मागचे स्क्रू काढले आणि आतून एवढी धूळ निघाली की उशी भरली असती. ब्रशनं झाडली, ओल्या फडक्यानं बाहेरून पुसला. कॉम्प्युटरवालीला फोन करून सांगितलं, टीव्हीचं ते मेलेलं भोक दुरुस्त करायला कुणाला तरी घेऊन ये, मला दोन्ही लागतात. ती म्हणाली, "काकू, एवढा चांगला पीसी दिलाय, आता त्या भंगाराचं काय करता?" मी म्हटलं, "ते तुला कळायचं नाही, भोक बघ." तोवर डब्याची वायर काढून कन्सोलची घातली. मुंगीनं फोन करू नको म्हणून सांगितलं होतं. मी केला नव्हता, त्यानं केला होता. आणि दिव्याबद्दल ती काही बोलली नव्हती. कुठल्याही कोर्टात टिकेल.

संध्याकाळी बटण दाबलं. पंखा जरासा गुरगुरला आणि गप्प झाला. पडदा उजळला. डाव्या कोपऱ्यात अक्षरं आली, मुंगी. आणि पुढे हिरवा दिवा.

मी त्या नावाकडे बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या निरोपाच्या जागेत शिरले. कन्सोलच्या त्या बटणांनी एकेक अक्षर शोधून लिहायचं म्हणजे काय ताप असतो ते करून बघा. तरी लिहिलं. चालू लाइनीत तोंड घातलं.

'नाव बदलू नकोस. राहू दे तेच.'

थोड्या वेळानं फक्त नावाखाली ओळ आली, मुंगी तोच कोर्टाचा सिनेमा बघत आहे. मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले आणि पहिल्यापासून लावला.